विजेचा मापारी आणि घरची काटकसर

बाजारांत धान्य मोजणारा मापारी आणि घरांत वीज मोजणारा मीटर यांचें काम वरवर पाहतां एकच आहे. घेणारा व देणारा या दोघांमध्यें उभें राहून किती माल गेला हें सांगावें, एवढेंच त्यांचें कर्तव्य. मापाऱ्यानें पायली चोख भरली म्हणजे घरांत धान्य कमी लागेल असें कोणी म्हटलें, तर आपणांस हंसूं येईल. परंतु ‘स्मार्ट मीटर’ या नांवाच्या नव्या मापाऱ्याविषयीं गेलीं कांहीं वर्षें असेंच कांहींसें सांगण्यांत येत आहे. ठरावीक मिनिटांनीं घरचा वापर नोंदून तो तारेवांचून कंपनीकडे पाठविणारा, व घरच्या माणसांसही मोबाइलवर किंवा लहानशा पडद्यावर दाखविणारा हा मीटर बसला म्हणजे विजेचा खर्च उतरतो, असें त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. उलट पक्षीं, बिलें फुगविण्यासाठींच तो आला आहे, असें विरोधक म्हणतात. दोघांचाही आवेश क्षणभर बाजूस ठेवून मीटरचा सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर या वादाचा निकाल पुष्कळसा सोपा होतो, असें आम्हांस वाटतें.

विजेचे दिवे प्रथम घरोघर आले, तेव्हां त्यांचें मोल कसें ठरवावें हाच मोठा प्रश्न होता. तेलाची बाटली किंवा कोळशाचें पोतें डोळ्यांस दिसतें. वीज दिसतही नाहीं आणि तिला वजनही नाहीं. म्हणून कित्येक ठिकाणीं दर दिव्यामागें ठरीव रक्कम घेत. अमेरिकेंत सॅम्युएल गार्डिनर यानें १८७२ सालीं पेटंट घेतलेला मीटर तर वीज मोजीतच नसे. दिवा किती वेळ जळला एवढेंच तो घड्याळाच्या साह्यानें सांगे. ठरीव आकाराचा परिणाम मनुष्यस्वभावास धरूनच होई. दिवा एक तास जळला काय किंवा रात्रभर जळला काय, पैसे तेवढेच. मग तो मालविण्यासाठीं अंथरुणांतून कोण उठणार?

न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीटचें वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजीं सुरू झालें. तेथील गिऱ्हाइकांसाठीं एडिसननें योजलेला मीटर म्हणजे एक लहानशी रसायनशाळाच होती. कांचेच्या बरणींत जस्ताच्या क्षाराचें पाणी, त्यांत जस्ताच्या दोन पट्ट्या, आणि घरांत जाणाऱ्या प्रवाहाचा अगदीं लहान अंश तिच्यांतून वाहूं दिलेला. प्रवाहाबरोबर एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिन्याच्या अखेरीस कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, त्या तराजूंत तोलल्या जात, आणि वजनांतील फरकावरून बिल तयार होई. थंडींत पाणी गोठूं नये म्हणून पेटींत एक दिवाही ठेवावा लागे. शास्त्रदृष्ट्या ही युक्ति सुंदर होती. पण ज्याच्या घरांत ती पेटी बसली होती, त्याला तिच्यांतलें एक अक्षरही वाचतां येत नव्हतें. हा मापारी केवळ दुकानदाराशींच बोलत असे.

या मीटरविषयीं एडिसन पुढें एक हकीकत सांगत असे. प्रसिद्ध पेढीवाले जे. पी. मॉर्गन यांस आपल्या कचेरीच्या बिलाची शंका आली. तेव्हां दिव्यांजवळ कार्डें टांगून कोणता दिवा किती तास जळला हें टिपावयाचें ठरलें. महिना संपल्यावर पाहतात तों कार्डांची बेरीज व मीटरचा आंकडा यांचा मेळ बसेना. चौकशीअंतीं असें निघालें कीं, कचेरी सुटल्यावर झाडलोट करणारा नोकर दिवे लावून काम करी, आणि ते तास कोणींच टिपले नव्हते. ते धरूं लागतांच हिशेब जवळजवळ बरोबर आला. या लहानशा गोष्टींत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. मीटर खोटें बोलत नव्हता. पण वीज कोठें गेली हेंही त्यानें सांगितलें नव्हतें. तें कळलें तें माणसांनीं केलेल्या चौकशीनें.

पुढें प्रत्यावर्ती प्रवाहाचा प्रसार झाला आणि मीटरचें रूप पालटलें. १८८८ सालीं अमेरिकेंत ऑलिव्हर शॅलेनबर्गर यानें दिव्याच्या यंत्रांत पडलेली एक स्प्रिंग आपोआप फिरतांना पाहिली, आणि त्या धाग्यावरून नवा मीटर बनविला. १८८९ सालीं बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यांतील ऑटो ब्लाथी यानें त्याच तत्त्वावर युनिटें मोजणारा मीटर सिद्ध केला. दाराशेजारच्या लांकडी फळीवर हळूहळू फिरणारी ती ॲल्युमिनियमची चकती आपल्याकडील मागच्या पिढ्यांच्या चांगलीच ओळखीची आहे. हा मापारी घरमालकाशींही बोलूं लागला. मात्र त्याचें बोलणें ऐकावयास महिन्यांतून एकदां येणाऱ्या कंपनीच्या माणसाखेरीज सहसा कोणी उभें राहत नसे.

मोजणीमुळें काटकसर होते, हें मुळांत खरें आहे काय? होय, पण एका अटीवर. पूर्वीं मोजणी नसेल आणि नंतर ती होऊं लागली, तर फरक पडतो. अमेरिकेंत अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीस पुष्कळदां एकच सामाईक मीटर असे, व विजेचा खर्च भाड्यांतच धरलेला असे. अशा बिऱ्हाडांत वीज अधिक खपते असें दिसून आल्यावर, नव्या इमारतींतील सामाईक मीटरांस आळा घालण्याचा विचार राज्यांच्या नियामकांनीं करावा, असें १९७८ च्या कायद्यानें ठरविलें. ज्याचें त्यानें भरावयाचें झालें म्हणजे दिवे मालवले जातात. परंतु जुन्या चकतीच्या जागीं स्मार्ट मीटर येतो तेव्हां ही अट पुरी होत नाहीं. मोजणी पूर्वींही होतच होती, व पैसेही ज्याचे त्यालाच भरावे लागत होते. नवी भर पडली ती फक्त माहितीची. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, नुसत्या माहितीनें माणूस काटकसरी होतो काय?

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. मीटर हें यंत्र खप घटविण्यासाठीं जन्मास आलेलें नाहीं. १८९२ सालीं इंग्लंडांत जॉन हॉपकिन्सन यानें दाखवून दिलें कीं, वीजकंपनीचा मोठा खर्च युनिटांचा नसून गिऱ्हाइकाची कमाल मागणी केव्हांही पुरवितां यावी म्हणून सज्ज ठेवलेल्या यंत्रांचा असतो. त्यास अनुसरून ब्रायटनच्या आर्थर राइट यानें कमाल मागणी दाखविणारा मीटर केला. आणि शिकागोच्या सॅम्युएल इन्सल यानें ती पद्धति उचलून, अधिक तास वीज वापरणाऱ्यास पुढील युनिटें स्वस्त देण्याचा क्रम सुरू केला. त्यामुळें खप वाढला, दर उतरले, आणि कंपनीची भरभराट झाली. यांत निंद्य असें कांहीं नव्हतें. सांगावयाचें इतकेंच कीं, माप कोणत्या दिशेनें ढकलील हें मापावर नव्हे, तर त्याच्याशीं जोडलेल्या दरावर अवलंबून असतें.

खप कमी करण्याचा विचार खऱ्या अर्थानें सुरू झाला तो १९७३ च्या तेलटंचाईनंतर. न्यू जर्सी प्रांतांत ट्विन रिव्हर्स नांवाची वसाहत आहे. तेथील एकसारख्या बांधणीच्या घरांचा अभ्यास प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनीं केला, तेव्हां एका घरास दुसऱ्याच्या दुप्पट ऊर्जा लागते असें आढळलें. भिंती त्याच, छपरें तींच. फरक होता तो राहणाऱ्यांत. त्याच वसाहतींत सेलिगमन व डार्ली या मानसशास्त्रज्ञांनीं २९ घरांवर एक प्रयोग केला, तो १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं घरांना आठवड्यांतून चार वेळां, आपला वापर अपेक्षेच्या मानानें किती झाला, हें कळविलें जाई. सुमारें महिनाभरांत त्या घरांचा वापर इतरांपेक्षां १०.५ टक्के कमी झाला. माहितीनें काटकसर होते या आशेला जो आधार मिळाला तो अशा प्रयोगांतून. पण घरें थोडीं होतीं, काळ एक महिन्याचा होता, आणि आंकडा भिंतीवर आपोआप उमटत नव्हता. कोणी तरी तो आणून देत होतें, हें विसरून चालणार नाहीं.

स्मार्ट मीटरांचा मोठा प्रसार प्रथम इटलींत झाला. एनेल कंपनीनें २००१ पासून पांचेक वर्षांत सुमारें तीन कोटि मीटर बसविले. त्यांत मुख्य हेतु होता वाचनाचा खर्च वाचविण्याचा, चोरी पकडण्याचा, व दुरूनच जोडणी चालूबंद करण्याचा. घरच्या काटकसरीची परीक्षा घेतली ती ब्रिटननें. २००७ ते २०१० या काळांत तेथें ६० हजारांवर कुटुंबांत निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांपैकीं सुमारें १८ हजार घरांत स्मार्ट मीटर होते. मीटरबरोबर घरांत आंकडे दाखविणारा पडदा दिला तेथें विजेची बचत साधारण ३ टक्के झाली. आयर्लंडमध्यें २००९–१० सालीं वेळेप्रमाणें निरनिराळे दर लावून पाहिले. एकंदर वापर २.५ टक्के घटला, पण संध्याकाळच्या गर्दीच्या वेळचा ८.८ टक्के घटला. १९७५ ते २०१२ पर्यंतच्या १५६ प्रयोगांचा एकत्र विचार २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सरासरी बचत ७.४ टक्के दिसली खरी. परंतु जे प्रयोग अधिक काटेकोरपणें केले होते तेवढेच निवडले, तेव्हां ती सुमारें २ टक्क्यांवर आली. हॉलंडमधील एका अभ्यासांत तर पहिल्या चार महिन्यांत दिसलेली ७.८ टक्क्यांची बचत पुढें टिकली नाहीं. जर्मन सरकारनें २०१३ सालीं हिशेब करविला, तेव्हां लहान गिऱ्हाइकांच्या बाबतींत मीटरचा खर्च बचतीहून जास्त होतो असा निष्कर्ष निघाला. म्हणून तेथें २०१६ च्या कायद्यानें सक्ति प्रथम मोठ्या वापरापुरतीच ठेविली.

या आंकड्यांचा अर्थ घरगुती भाषेंत असा. महिन्याला २०० युनिटें वापरणाऱ्या कुटुंबास २ ते ३ टक्के म्हणजे ४ ते ६ युनिटें. उलट ५० वॅटचें एखादें उपकरण विनाकारण रात्रंदिवस चालूं राहिलें, तर तेवढ्यानेंच महिन्यास ३६ युनिटें जातात. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास कमी चालविला, तर ३० युनिटें वांचतात. म्हणजे बचत आहे, आणि ती भरपूर आहे. पण ती मीटरच्या पडद्यावर नसून न्हाणीघरांत, स्वयंपाकघरांत व माजघरांत आहे. पडदा नवा असतो तोंवर मुलें त्याभोंवतीं गोळा होतात. महिन्या-दोन महिन्यांनीं तो भिंतीवरील जुन्या तसबिरीप्रमाणें दिसेनासा होतो.

याहून गंभीर असा एक मुद्दा आहे. स्मार्ट मीटर दुरूनच प्रीपेड करतां येतो. शिलकी रक्कम संपली कीं पुरवठा बंद. अशा घरांत खप घटलेला दिसेल. पण ती काटकसर कीं हाल? अनवश्यक दिवा मालविणें निराळें, आणि पैसे नाहींत म्हणून आजाऱ्याच्या उशाचा पंखा बंद पडणें निराळें. मीटरच्या आंकड्यांत या दोहोंचा भेद उमटत नाहीं. ब्रिटनमध्यें थकबाकीदारांच्या घरीं प्रीपेड मीटरची सक्ति इतकी बोंचली कीं, फेब्रुवारी २०२३ मध्यें तेथील नियामक संस्थेस ती थांबविण्यास कंपन्यांना सांगावें लागलें. पूर्वीं ‘मापांत पाप’ म्हणत तें खोट्या मापाविषयीं. माप अगदीं खरें असूनही पाप घडूं शकतें, हें या प्रकरणानें दाखविलें.

आपल्याकडे भारत सरकारनें २०२१ सालीं आंखलेल्या योजनेंत सुमारें २५ कोटि स्मार्ट मीटर बसविण्याचें योजिलें. महाराष्ट्रांत प्रीपेड मीटरांस इतका विरोध झाला कीं, सामान्य ग्राहकांना ते लावणार नाहीं असें २०२४ च्या जूनमध्यें राज्य सरकारला जाहीर करावें लागलें. प्रीपेडची भीति आणि स्मार्ट मीटरचा उपयोग हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एकत्र कालविल्यानें वादाचा गोंधळ वाढला, असें आमचें मत आहे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकांत १०० युनिटांनंतर दर एकदम चढतो, पुढें ३०० नंतर पुन्हां चढतो. विसाव्या दिवशींच ९० युनिटें झालीं हें ज्यास कळतें, त्यास उरलेल्या दहा दिवसांचा बेत करतां येतो. बिल हातीं आल्यावर कळून उपयोग नाहीं. ही सोय लहान नव्हे. पण ती पाहणाऱ्यासाठींच आहे.

म्हणून एखाद्या गृहस्थानें विचारलें, ‘या मीटरनें माझी वीज वांचेल काय?’, तर आम्ही त्यास असें सांगूं कीं, मागच्या महिन्याशीं तुलना करूं नका. मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशीं करा, आणि उन्हाळा किती कडक होता, घरीं पाहुणे किती होते, हेंही जमेस धरा. निजण्यापूर्वीं व पहाटे उठतांच आंकडा पाहा. सर्व निजले असतां जेवढी वीज गेली, तिच्यांत फ्रिज, पंखे वगळून जें उरेल तो तुमच्या घरांतला झाडलोट करणारा नोकर समजा, आणि त्याला शोधून काढा. हें काम जुन्या चकतीच्या मीटरवरही होत होतें. नव्यावर तें अधिक सोपें झालें आहे, इतकेंच. आणि समाज या नात्यानें विचार करावयाचा, तर वाचनाचा खर्च, चोरी व गर्दीच्या वेळचा भार यांत जो फायदा होतो तो मुख्यतः कंपनीचा आहे. मग मीटरच्या किंमतीचा बोजा गिऱ्हाइकावर टाकतांना ‘तुमचीच बचत होईल’ असें सांगणें रास्त नव्हे. जिचा लाभ तिनें तो खर्च सोसावा, अथवा झालेला लाभ दरांत उतरवून दाखवावा. असो. माप चोख असावें हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, व तो त्यानें बजावून घ्यावा. काटकसर मात्र मापाऱ्याच्या भरंवशावर न टाकतां आपली आपणच केली पाहिजे.