जाहिरात-चित्रकार (किरकोळ विक्री)

कापड, भांडी, दागिने, किराणा आदी माल थेट गिऱ्हाइकास विकणाऱ्या दुकानांसाठी वृत्तपत्रीय जाहिराती, हस्तपत्रके, दर्शनी फलक व किंमतपट्ट्या यांची मांडणी करणारा व्यावसायिक कलावंत. कारखानदाराची जाहिरात मालाच्या नावाचा लौकिक वर्षानुवर्षे जोपासते. दुकानदाराच्या जाहिरातीस मात्र वस्तू, भाव, पत्ता आणि मुदत हा तपशील त्याच आठवड्यात लोकांपर्यंत पोचवावयाचा असल्यामुळे या कलावंताची खरी कसोटी चित्रापेक्षा आकड्यांत लागते.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. अक्षररेखनास तेथे मिळालेले महत्त्व या धंद्याच्या फार उपयोगी पडले.

किंमत सहसा सर्वांत ठळक अंकांत, रुपयाचे चिन्ह त्याहून बरेच लहान, आणि जुना भाव आडव्या रेघेने खोडलेला, अशी मांडणी रूढ आहे. वृत्तपत्राचा कागद शाई शोषून घेतो आणि चार शायांपैकी एखादी केसभर जरी सरकली, तरी रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी सोडलेली बारीक अक्षरे बुजून जातात. म्हणून जाणता चित्रकार पत्ता व अटी निव्वळ काळ्या शाईतच बसवितो. देवनागरीची अडचण निराळीच. इंग्रजी मजकुरासाठी आखलेल्या चौकटीत मराठी मजकूर तसाच ओतला, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतो. अशा वेळी अक्षर चेपण्याऐवजी मजकूर कमी करून ओळींत अंतर सोडणे हाच खरा उपाय होय. ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत काम केलेल्या र. कृ. जोशी यांनी पुढे संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला, ही गोष्ट या संदर्भात आवर्जून नोंदविण्यासारखी आहे.

दिवाळी, पाडवा व लग्नसराई हे ऐन हंगाम. मालकाचे दरपत्रक बहुधा अखेरच्या घटकेस येते, आणि मंजुरीनंतरही भाव बदलतात. एक शून्य कमी पडल्यास दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांचा रोष काउंटरवरील नोकरास सोसावा लागतो. त्यामुळे एकाने दरपत्रक मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून प्रत्येक भाव, तारीख व शाखेचा पत्ता ताडून पाहावा, ही जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे.