जोडस्थिती मार्गनिर्धारण

जोडस्थिती मार्गनिर्धारण : संगणकांच्या जाळ्यात संदेशाची पुढील वाट ठरविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. प्रत्येक राउटरने स्वतःला लागून असलेल्या जोडण्यांची स्थिती व त्यांचा ‘खर्च’ सर्व जाळ्यास कळवावयाचा आणि या निवेदनांतून तयार होणाऱ्या समान नकाशावरून आपापला सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढावयाचा, ही या पद्धतीची मूळ कल्पना होय. असा मार्ग काढण्याची रीत डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली.

उदा., दर्यापूर, मूर्तिजापूर व अमरावती येथे एकेक राउटर आहे, अशी कल्पना करू. दर्यापूर–अमरावती थेट जोडणीचा वेग सेकंदास २० लाख बिट व उरलेल्या दोहोंचा प्रत्येकी १ कोटी बिट आहे. १० कोटीला वेगाने भागून खर्च काढण्याच्या रूढ नियमाप्रमाणे थेट मार्गाचा खर्च ५०, तर मूर्तिजापूरवरून वळसा घालून २० येतो. म्हणून संदेश वळशाने जातो. मूर्तिजापूर–अमरावती जोडणी तुटल्यास ती बातमी पसरते आणि दर्यापूरचा राउटर आपण होऊन थेट मार्ग धरतो.

अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यात आरंभी प्रत्येक केंद्र शेजाऱ्याच्या अंदाजावर विसंबून असे. १९७९ मध्ये तेथे जोडस्थिती पद्धती आली. परंतु २७ ऑक्टोबर १९८० रोजी सबंध जाळे कित्येक तास बंद पडले. यंत्रदोषामुळे निवेदनाच्या क्रमांकातील बिट गळून एकाच केंद्राची ४४, ४० व ८ या क्रमांकांची तीन निवेदने फिरू लागली. क्रमांक ० ते ६३ असे चक्राकार असल्याने ४० हून ४४ नवे, ४४ हून ८ नवे आणि ८ हून ४० नवे ठरे. त्यामुळे ती संपेचनात. असत्य निवेदनही सर्वत्र तितक्याच निष्ठेने पोहोचते, हा या पद्धतीचा खरा धोका त्या दिवशी दिसला. रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये यावर उपाय मांडला. पुढे क्रमांक चक्राकार न ठेवता सरळ चढते केले गेले आणि प्रत्येक निवेदनास वयोमर्यादा देण्यात आली. १९८९ मध्ये ‘ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट’ हा नियमसंच प्रसिद्ध झाला. त्यात निवेदनाचे कमाल वय एक तास आहे.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व भारतीय तंत्रविद्या संस्था सहभागी होत्या. मोजक्या जोडण्या असलेल्या जाळ्यात मार्ग हाताने लिहून दिले तरी भागते. जोडण्या वाढल्या की ते अशक्य होते.

राउटरची मांडणी करताना शेजाऱ्यांचा क्षेत्रक्रमांक व विचारपूस-संदेशाचे अंतर (बहुधा १० सेकंद) जुळावे लागते. ४० सेकंद संदेश न आल्यास शेजारी बंद पडल्याचे मानतात. प्रत्येक राउटरची ओळख निराळी हवी. दोघांना एकच ओळख दिल्यास एकाचे निवेदन दुसऱ्यास आपलेच वाटते व दोघेही ते पुनःपुन्हा सुधारून पाठवीत राहतात. खर्चाचा १० कोटींचा पायाही आता अपुरा पडतो : १० कोटी व १०० कोटी बिट वेगाच्या जोडण्यांचा खर्च सारखाच १ येतो. तो पाया वाढवावयाचा झाल्यास सर्व राउटरांवर एकाच वेळी वाढवावा लागतो.