जातं थांबलं, ओवी राहू द्या



आपल्या लोह्यापासून गंगाखेड काही लांब नाही. ७०० वर्षांपूर्वीच्या संत जनाबाई तिथल्याच. त्यांच्यासोबत विठ्ठल दळू लागायचा, असं आपण आज्यांकडून ऐकलं. पहाटे जात्यावर बसून बाया सासर-माहेर, भाऊ-लेकरं, सगळं ओवीत बोलायच्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. म्हणजे जात्यापाशी बायांनी इतिहासही सांगितला.

मग गिरणी आली. खांदे, कंबर सुटली, ते बरंच झालं. जातं पुन्हा ओढा, असं आम्ही म्हणत नाही. पण वाचलेला वेळ गेला कुठं? खुरपणीत, धुण्यात, मोबाईलमध्ये. मनातलं बोलायची ती घटकाही त्याबरोबर गेली.

म्हणून आमच्या गटात हिशोब झाला की आम्ही लगेच उठत नाही. रजिस्टर मिटतो, मोबाईल पिशवीत ठेवतो, थोरली बाई ओवी म्हणते. बाकीच्या ऐकतो.

तुम्हीही पुढच्या बैठकीत एक ओवी म्हणायला लावा. आणि ती वहीत उतरवून घ्या.