मनोरुग्णालयाच्या वॉर्डात साथ इतक्या वेगाने का पसरते? ती रोखायची कशी?

दक्षिण कोरियात कोरोनाचा पहिला मृत्यू फेब्रुवारी २०२० मध्ये नोंदवला गेला. ६३ वर्षांचा हा रुग्ण चाँगदो इथल्या देनाम हॉस्पिटलच्या बंद मानसोपचार वॉर्डात २० वर्षांहून जास्त काळ राहत होता. त्याला कोरोना होता हे मृत्यूनंतरच्या चाचणीत कळलं.

त्यानंतर वॉर्डातल्या इतरांच्या चाचण्या झाल्या. सुमारे १०० रुग्णांपैकी जवळजवळ सगळेच पॉझिटिव्ह निघाले. फेब्रुवारी संपायच्या आत त्यातले सात जण दगावले.

वॉर्डाला कुलूप होतं, तरी विषाणू आत गेला. एकदा आत गेल्यावर मात्र त्याच कुलपामुळे रुग्णांना त्याच्यापासून दूर जाता आलं नाही.

नेमकं काय चुकलं होतं?

या वॉर्डात खाटा नव्हत्या. एकेका खोलीत अनेक रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून शेजारी शेजारी झोपायचे. खिडक्या बंद असल्याने हवा खेळती नव्हती. अनेक जण वर्षानुवर्षं आत होते आणि त्यांची प्रकृती आधीच खालावलेली होती.

म्हणजे कोरोना नवा असला, तरी साथीला लागणारी सगळी परिस्थिती तिथे आधीपासून होती. फ्लू, जुलाब, खरूज किंवा टीबी यांनाही अशीच जागा लागते.

हा वॉर्ड इतर वॉर्डांपेक्षा वेगळा कसा?

साध्या वॉर्डात रुग्ण बहुतेक वेळ खाटेवर असतो. मानसोपचार वॉर्डात तो फिरतो, इतरांसोबत जेवतो, टीव्ही बघतो, गटचर्चेत बसतो. हे सगळं उपचाराचा भाग असल्याने सरसकट बंद करता येत नाही.

दुसरी अडचण सुरक्षेची. इतर वॉर्डांत दर दोन पावलांवर सॅनिटायझरची बाटली असते. इथे अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर कुणी पिऊन टाकण्याचा धोका असतो. कचऱ्याच्या डब्यातली प्लास्टिकची पिशवी, मास्कमधली तार, लांब नाड्या यांनी रुग्ण स्वतःला इजा करून घेऊ शकतो. खिडक्याही याच कारणाने बंद ठेवल्या जातात.

तिसरी अडचण म्हणजे आजार लक्षातच न येणं. तीव्र नैराश्यातला रुग्ण ‘अंग दुखतंय’ हेही सांगत नाही. ‘पोटात काहीतरी फिरतंय’ असं कुणी म्हणालं, तर तो भास समजून सोडून दिलं जातं.

औषधांचा काय संबंध?

स्किझोफ्रेनियासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोझापिनमुळे काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यामुळे हे औषध घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर लगेच रक्त तपासावं लागतं. शिवाय मोठ्या संसर्गात या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

लिथियमचं गणित वेगळं आहे. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं, की लिथियम रक्तात साठून विषबाधा होऊ शकते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून या वॉर्डात साधे वाटणारे जुलाबही डॉक्टरांच्या कानावर लगेच घालायला हवेत.

मग साथ रोखायची कशी?

दाखल करतानाच तपासणी: ताप, पुरळ, जुलाब, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, हे पहिल्याच दिवशी बघणं. रुग्ण सांगू शकत नसेल तर नातेवाईकांना विचारणं.

हात धुणं: सॅनिटायझर भिंतीवर न लावता कर्मचाऱ्यांच्या खिशात. रुग्णांसाठी साबण-पाणी आणि जेवणाआधी सगळ्यांनी मिळून हात धुण्याची सवय. जुलाबाची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालतही नाही, साबणच लागतो.

हवा: खिडकी थोडीच उघडेल अशी अडण बसवणं, हाताला लागणार नाहीत असे एक्झॉस्ट फॅन लावणं आणि खाटांमध्ये अंतर ठेवणं.

कर्मचारी: बंद वॉर्डात रोज बाहेरून येणारे हेच असतात. त्यांचं लसीकरण झालेलं हवं आणि आजारी असताना पगार न कापता सुट्टी मिळायला हवी. जुलाब झालेल्याने बरं वाटल्यावरही ४८ तास कामावर येऊ नये.

दोन रुग्ण दिसले की सावध: एकाच वॉर्डात दोन-तीन दिवसांत दोघांना सारखीच लक्षणं दिसली, तर साथ समजून पावलं उचलावीत. खरूज असेल तर खाज सुटलेल्या एकालाच मलम लावून उपयोग नाही. पहिल्यांदा खरूज होणाऱ्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, पण तो तोवरही ती इतरांना देतो. त्यामुळे संपर्कातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार आणि त्याच दिवशी कपडे-चादरी गरम पाण्यात धुणं गरजेचं असतं.

विलगीकरण म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे

साथीत आजारी रुग्णाला वेगळं ठेवावं लागतं. पण मनोरुग्णाच्या बाबतीत हे काम ‘खोलीत टाकून बाहेरून कडी लावणं’ इथवर सहज घसरतं. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला एकांतात कोंडून ठेवण्यावर बंदी घातली आहे. त्यामुळे वेगळ्या खोलीतल्या रुग्णाला कारण समजावून सांगणं, दिवसातून अनेकदा त्याच्याशी बोलणं, घरच्यांशी फोनवर बोलू देणं आणि ठरलेल्या दिवशी बाहेर काढणं हाही संसर्ग रोखण्याचाच भाग ठरतो. घाबरलेला रुग्ण खोलीत थांबत नाही आणि पुढच्या वेळी लक्षणं लपवतो.

याच कायद्याने सुरक्षित आणि स्वच्छ वातावरणात राहण्याचा हक्कही दिला आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांनाही तो लागू होतो. कोरोनाकाळात या संस्थांमधल्या रुग्णांच्या लसीकरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि २०२१ मध्ये न्यायालयाला त्यावर निर्देश द्यावे लागले होते.

घरच्यांनी काय विचारावं?

- खोलीत किती जण झोपतात? प्रत्येकाला खाट आहे का?
- खिडकी उघडते का?
- साबण आणि पाणी कायम असतं का? चादरी कधी बदलतात?
- फ्लू आणि इतर लसी दिल्या आहेत का?
- ताप आला तर फिजिशियन किती वेळात येतो?
- भेटी बंद झाल्या तर फोन करता येईल का?

उत्तरं मिळत नसतील तर कायद्यानुसार मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. भेटीला जाताना एक गोष्ट मात्र आपल्याच हातात असते. सर्दी, ताप किंवा जुलाब असतील तर त्या दिवशीची भेट पुढे ढकलावी आणि फोनवर बोलावं.