न्यूरोस्पोरा : आठ बीजाणूंच्या रांगेतील आनुवंशिकता

पावावर उगवणारी नारिंगी बुरशी बेकरी व्यावसायिकांना नकोशी असली, तरी आनुवंशिकीच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. न्यूरोस्पोरा क्रासा हे या तंतुमय बुरशीचे शास्त्रीय नाव. इ. स. १८४२ च्या उष्ण व दमट उन्हाळ्यात पॅरिसमधील लष्करी भटारखान्यांतील पावावर तिचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. अमेरिकी शास्त्रज्ञ सी. एल. शिअर व बी. ओ. डॉज यांनी १९२७ मध्ये तिच्या लैंगिक अवस्थेचे वर्णन करून ‘न्यूरोस्पोरा’ हे प्रजातीनाम दिले. बीजाणूंच्या कवचावर मज्जातंतूंसारख्या रेषा दिसतात, त्यावरून हे नाव पडले.

तिचे बीजाणू सुप्तावस्थेत दीर्घकाळ राहतात. सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाला अर्धा तास तापविल्यास ते रुजतात. त्यामुळेच वणव्यानंतर जळक्या झाडांवर किंवा पाचट जाळलेल्या उसाच्या खुंटांवर न्यूरोस्पोराच्या जाती नारिंगी रंगाने उठून दिसतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रमेश माहेश्वरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतातील न्यूरोस्पोरा इंटरमीडिया या जातीच्या जीवनक्रमाचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला.

रचना आणि जीवनक्रम

न्यूरोस्पोराचे शरीर म्हणजे शाखायुक्त तंतूंचे जाळे होय. तंतूंमधील आडपडद्यांना छिद्रे असल्याने पेशीरस व असंख्य केंद्रके एका भागातून दुसऱ्या भागात वाहत जातात. प्रत्येक केंद्रकात सात गुणसूत्रांचा एकच संच असतो. मानवी पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात व सदोष जनुकाचे उणेपण दुसऱ्या संचातील निर्दोष जनुक बहुधा झाकून टाकते. न्यूरोस्पोरात ही सोय नाही. जनुकात बिघाड झाला की तो लगेच उघड होतो.

या बुरशीचे दोन मीलन-प्रकार असून ते दिसायला सारखेच असतात. त्यांचा संयोग झाल्यावर सुरईच्या आकाराचे काळे फलपिंड तयार होते व त्यात ‘धानी’ नावाच्या लांबट पिशव्या वाढतात. प्रत्येक धानीत दोन्ही पालकांची एकेक केंद्रके एकरूप होतात. जीवनक्रमात गुणसूत्रांचे दोन संच एकाच केंद्रकात असण्याची हीच काय ती अवस्था. लगेच अर्धसूत्री विभाजन होऊन चार केंद्रके निर्माण होतात आणि आणखी एका साध्या विभाजनाने त्यांची आठ होतात. प्रत्येकाभोवती कवच तयार होऊन आठ बीजाणू बनतात.

धानी इतकी अरुंद असते की केंद्रकांना एकमेकांना ओलांडून पुढे जाता येत नाही. त्यामुळे बीजाणूंच्या रांगेतील क्रम हा विभाजनाच्या क्रमाचाच आलेख ठरतो. मटार, माशी किंवा मनुष्य यांच्यात आनुवंशिकतेचे नियम अनेक अपत्यांच्या सरासरीवरून ताडावे लागतात. येथे एकाच विभाजनाची सर्व फलिते, क्रमवार, डोळ्यांसमोर असतात.

चारास चार

एका पालकात एखादे जनुक निर्दोष व दुसऱ्यात सदोष असेल, तर आठांपैकी चार बीजाणूंत पहिले व चारांत दुसरे आढळते. मेंडेलचा विभक्तीकरणाचा नियम एका धानीत इतक्या थेटपणे दिसतो. परंतु क्रमही बोलका असतो. एका बाजूस चार व दुसऱ्या बाजूस चार अशी मांडणी असल्यास जनुकाच्या दोन रूपांची ताटातूट पहिल्याच विभाजनात झालेली असते. ‘दोन-दोन-दोन-दोन’ किंवा ‘दोन-चार-दोन’ अशी मांडणी दिसल्यास, जनुक आणि गुणसूत्राचा सेंट्रोमिअर म्हणजे विभाजनाच्या वेळी गुणसूत्र जेथून ओढले जाते तो बिंदू, यांच्या दरम्यान जोडीतील गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली, असे समजते. अशा धान्यांच्या शेकडा प्रमाणाची निम्मी संख्या म्हणजे जनुकाचे सेंट्रोमिअरपासूनचे अंतर होय. शंभरांपैकी वीस धान्यांत अशी मांडणी असल्यास ते अंतर दहा एकके मानले जाते. डॉज यांच्या आग्रहामुळे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ही बुरशी पोहोचली आणि तेथे कार्ल लिंडग्रेन यांनी १९३० च्या दशकात याच पद्धतीने जनुकांचे पहिले नकाशे तयार केले.

या साधनाचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉर्ज बीडल व एडवर्ड टेटम यांनी केला. न्यूरोस्पोराला वाढण्यासाठी साखर, क्षार व बायोटिन हे जीवनसत्त्व एवढेच पुरते. बाकी सारे ती स्वतः तयार करते. क्ष-किरणांचा मारा केलेल्या बुरशीपासून मिळवलेल्या बीजाणूंतून त्यांनी हजारो वाणांची तपासणी केली. तेव्हा २९९ क्रमांकाचा वाण ब-६ जीवनसत्त्व पुरविल्याशिवाय वाढेना. मूळ वाणाशी संकर केल्यावर हा दोष एकाच जनुकाप्रमाणे वारशाने उतरतो, हे स्पष्ट झाले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून ‘एक जनुक, एक विकर’ हा सिद्धांत पुढे आला. एका विकराऐवजी एक प्रथिनशृंखला अशी त्याची सुधारणा पुढे झाली. या दोघांना १९५८ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

नकाशे तयार झाले, तरी बुरशीची अतिसूक्ष्म गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली नीट ओळखली गेली नव्हती. बीडल यांच्या निमंत्रणावरून १९४४ मध्ये बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक स्टॅनफर्डला आल्या. मक्याच्या गुणसूत्रांच्या अभ्यासात त्यांचा हातखंडा होता. काही आठवड्यांतच त्यांनी गुणसूत्रे सात आहेत हे निश्चित केले व धानीतील विभाजनाच्या पायऱ्या क्रमाने वर्णन केल्या.

सहास दोन

चारास चार हा नियम मात्र अबाधित राहिला नाही. मेरी मिचेल यांनी १९५५ मध्ये ब-६ जीवनसत्त्वाशी संबंधित जनुकाचा अभ्यास करताना काही धान्यांत सहास दोन असे प्रमाण आढळल्याचे दाखवून दिले. म्हणजे जनुकाच्या एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर झाले होते. या घटनेला ‘जनुक-रूपांतरण’ म्हणतात. गुणसूत्रे केवळ तुकडे बदलत नाहीत. तुटलेला भाग दुरुस्त करताना एक दुसऱ्याची नक्कलही करते, हे यातून उमगले. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीने अदलाबदल व रूपांतरण या दोहोंचा एकत्रित उलगडा केला. हीच प्रक्रिया पुढे मानवासह अनेक सजीवांत आढळली.

आठही गोल

न्यूरोस्पोराचे बीजाणू सामान्यतः फुगीर चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते असतात. ‘गोल बीजाणू’ या जनुकात दोष असलेल्या वाणाचा निर्दोष वाणाशी संकर केला, तर चार बीजाणू गोल व चार निमुळते अपेक्षित असतात. प्रत्यक्षात आठही गोल होतात. निर्दोष जनुक चार बीजाणूंत शाबूत असते, मात्र धानी वाढत असताना त्याचे काम बंद पाडलेले असते. याचे कारण २००१ मध्ये शिऊ, राजू, झिकलर व मेट्झेनबर्ग यांच्या संशोधनातून हाती आले. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात. एखाद्या भागाला समोर जोडीदार सापडला नाही, तर पेशी त्यास आगंतुक समजते व त्याच्यासारख्या सर्व जनुकांचे संदेश आरएनएच्या साहाय्याने नष्ट करते.

याहून कठोर अशा दुसऱ्या बंदोबस्ताचा शोध एरिक सेल्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लावला होता. पालकांची केंद्रके एकरूप होण्यापूर्वी प्रत्येक केंद्रकातील डीएनएची जणू झडती घेतली जाते. एकच मजकूर दोनदा आढळल्यास दोन्ही प्रतींत मोठ्या संख्येने बदल घडवून त्या निकामी केल्या जातात. स्वतःच्या नकला करीत गुणसूत्रांवर पसरणारे उड्या मारणारे घटक यामुळे थोपविले जातात. असे घटक प्रथम मक्यात ओळखल्याबद्दलच मॅक्‌क्लिंटॉक यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते.

या संरक्षणाची किंमतही मोठी आहे. उत्क्रांतीत नवे जनुक बहुधा जुन्या जनुकाच्या जादा प्रतीतून घडते. ती प्रतच नष्ट होत असल्याने न्यूरोस्पोराची ही वाट जवळजवळ बंद झाली आहे. २००३ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या जनुकसंचात सुमारे दहा हजार जनुके आढळली, परंतु परस्परांशी निकटचे साम्य असणाऱ्या जनुकांच्या जोड्या अत्यल्प निघाल्या. हा बंदोबस्त केव्हा ढिला पडतो, याचा अभ्यास हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात दुर्गादास कसबेकर व सहकाऱ्यांनी केला. गुणसूत्राचा मोठा खंड दुहेरी असल्यास लहान दुहेरी जनुके या कारवाईतून निसटू शकतात, असे त्यांना दिसून आले.

शेतीच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. कॅनोला या मोहरीवर्गीय पिकावर रोग पाडणाऱ्या लेप्टोस्फेरिया मॅक्युलान्स या बुरशीत हीच कारवाई आढळते. तेथे ती शेजारच्या रोगकारक जनुकांतही बदल घडवून आणते. पीक ज्या खुणेवरून शत्रूला ओळखते ती खूणच त्यामुळे बदलते आणि रोगप्रतिकारक वाण काही वर्षांत निष्प्रभ ठरू शकतो. बुरशीने स्वसंरक्षणासाठी उभारलेली व्यवस्था अशा रीतीने तिच्या आक्रमणाचेही साधन बनते. तिचे नियम उमगण्याची सुरुवात झाली ती एका अरुंद धानीतील आठ बीजाणू क्रमाने मोजण्यापासून.