रकाना नसलेले वजन

७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम कुस्तीच्या सकाळी विनेश फोगाट ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. त्या निर्णयावर आपल्याकडे घराघरांत वाद झाले. पण कुस्तीत वजनाचा नियम निदान छापलेला असतो. जिम्नॅस्टिक्सच्या नियमपुस्तकात खेळाडूच्या वजनाला रकानाच नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खेळातल्या मुलींवर वजनाने जी हुकमत गाजवली, ती कुस्तीतल्या वजनगटापेक्षा कमी कठोर नव्हती. ही हुकमत आली कुठून?

लहान चणीचे, वयात न आलेले शरीर हे या खेळाचे जन्मजात लक्षण आहे, असा सर्वसाधारण समज असतो. जुन्या नोंदी वेगळेच सांगतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सर्वंकष विजेती ठरलेली सोव्हिएत संघाची मारिया गोरोखोव्स्काया ३० वर्षांची होती. १९५६ मध्ये मेलबर्नला हंगेरीच्या आग्नेस केलेतीने वयाच्या ३५ व्या वर्षी चार सुवर्णपदके मिळवली. लारिसा लातिनिनाने १९५८ च्या जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णपदके जिंकली, तेव्हा ती गरोदर होती. १९६८ मध्ये मेक्सिकोत पुन्हा सर्वंकष विजेती ठरलेली चेकोस्लोव्हाकियाची वेरा चास्लाव्स्का २६ वर्षांची होती. या सगळ्या वाढलेल्या अंगाच्या स्त्रिया होत्या आणि त्यांच्या शरीरात कोणाला काही वावगे दिसत नव्हते.

पुढच्या आठच वर्षांत चित्र पालटले. १९७२ साली म्युनिकमध्ये १७ वर्षांच्या ओल्गा कोरबुटने दूरचित्रवाणीवरून जगाला वेड लावले. १९७६ साली माँट्रियलमध्ये १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला पूर्ण १० गुण मिळाले. उड्या आणि गिरक्या अवघड होत गेल्या. लहान, हलके शरीर हवेत लवकर फिरते, हे साधे यंत्रशास्त्र आहे. पण त्याला गुणांची आणि प्रेक्षकांच्या कौतुकाची जोड मिळाली, तेव्हा प्रशिक्षकांना मुलीचे वयात येणे हीच अडचण वाटू लागली. रोजचा वजनकाटा सरावाचा भाग झाला.

याची किंमत कोणी मोजली, ते अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या क्रिस्टी हेन्रिकच्या आयुष्यातून दिसते. १९८८ साली बुडापेस्टच्या स्पर्धेत एका पंचाने तिला वजन कमी करण्यास सांगितल्याचे वृत्तांतांत नोंदवले आहे. त्याच वर्षी ०.११८ गुणाने तिचे ऑलिंपिक संघातले स्थान हुकले. १९८९ च्या जागतिक स्पर्धेत असमान बारवर ती चौथी आली. म्हणजे खेळात कमतरता नव्हती. पण तोवर आजाराने तिला घेरले होते. २६ जुलै १९९४ रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी, अवयव निकामी होऊन तिचा मृत्यू झाला. त्या बातम्यांतही तिचे वजन आकड्यात छापले गेले. तो आकडा इथे पुन्हा देण्याचे कारण नाही.

एका पंचाच्या एका वाक्याने असा आजार होतो, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आनुवंशिकता, स्वभाव, घरातले वातावरण यांचाही त्यात वाटा असतो. परंतु सांगितले ते निमूट ऐकणे, वेदना दडपणे, कधीच समाधानी नसणे हे आजाराला पोसणारे गुण जिथे खेळाडूचे सद्गुण म्हणून वाखाणले जातात, तिथे आजार ओळखणार कोण?

वैद्यकाने या प्रश्नाला नाव दिले ते उशिरा. १९९२ साली अमेरिकेत तज्ज्ञांनी तीन गोष्टी एकत्र मांडल्या : बिघडलेले खाणे, थांबलेली मासिक पाळी आणि ठिसूळ झालेली हाडे. सरावाला लागते तितकी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही, की शरीर काटकसर करते. पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि ऐन विशीत हाडांना बारीक भेगा पडू लागतात. पाळी थांबणे ही कसून सराव केल्याची खूण मानणाऱ्या क्रीडाविश्वाला हा मोठा धक्का होता. १९९५ साली जोन रायन या पत्रकार स्त्रीने ‘लिटल गर्ल्स इन प्रिटी बॉक्सेस’ या पुस्तकात जिम्नॅस्ट आणि स्केटर मुलींचे हाल लोकांपुढे आणले. १९९७ पासून मोठ्या स्पर्धांसाठी किमान वय १६ झाले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऊर्जेच्या या तुटीची व्याप्ती हृदय, प्रतिकारशक्ती आणि मनापर्यंत नेली व पुरुष खेळाडूंनाही तीत धरले.

२०२४ साली पॅरिसमध्ये सिमोन बाइल्स २७ व्या वर्षी सर्वंकष विजेती झाली. इतक्या वयाची विजेती १९५२ नंतर झाली नव्हती. म्हणजे गोरोखोव्स्कायापासून निघालेले वर्तुळ मिटायला ७२ वर्षे लागली. विजेतीचे शरीर कसे असावे हे निसर्गाने ठरवलेले नव्हते. ते पंच, प्रशिक्षक आणि टाळ्या वाजवणारे आपण, अशा सर्वांनी मिळून ठरवले होते. अजूनही जिथे सरावाआधी मुलींना रांगेत उभे करून वजन मोठ्याने वाचले जाते, तिथे पालकांनी एवढे तरी विचारावे : हा आकडा कोणासाठी लिहून घेता?