तोफ जहाजावर, नाव किनाऱ्यावर

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर इंग्लंडात स्थायिक झाली. तिच्या नवऱ्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते. घरात समजूत अशी, की आजोबांनी युद्ध लंडनच्या कचेरीत बसून काढलं. कारण त्यांच्या सेवापत्रकावर पुन्हा पुन्हा एकच नाव होतं, 'प्रेसिडेंट ३', आणि ते नौदलाचं किनाऱ्यावरचं ठाणं. आजी मात्र सांगत राहायची, "नाही, ते रशियाला गेले होते, बर्फातून." तिचं कोणी मनावर घेतलं नाही. कागद वेगळं सांगत होता ना!

तिनं मला विचारलं, "सर, कागद खरा की आजी?" आज त्याच प्रश्नाबद्दल बोलू.

आधी पार्श्वभूमी. युद्धात ब्रिटनचं अन्न, तेल, दारूगोळा सगळं व्यापारी जहाजांतून यायचं. पाणबुड्या आणि विमानांपासून बचाव व्हावा म्हणून या जहाजांवर तोफा बसवल्या. पुष्कळशा जुन्या, पहिल्या महायुद्धातल्या. मुख्य तोफ बहुधा जहाजाच्या मागच्या टोकाला असायची, कारण पाठलाग करणाऱ्यावर मारा करायचा, आपण होऊन हल्ला करायचा नाही. अशा जहाजांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डेम्स' म्हणत. त्यांवर नौदलाचे सुमारे २४ हजार तोफची होते, शिवाय ब्रिटिश सैन्याच्या सागरी तोफखान्याचे सुमारे १४ हजार.

आता कागदाची गंमत बघा. नौदलातला माणूस पगारासाठी कुठल्या तरी 'जहाजा'च्या खात्यावर असावाच लागतो. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनासुद्धा म्हणूनच जहाजांची नावं असतात. डेम्सचा तोफची आज या मालवाहू जहाजावर, चार महिन्यांनी त्या तेलवाहूवर. प्रत्येक वेळी खातं कोण बदलणार? खातं राहिलं 'प्रेसिडेंट ३'वर, माणूस गेला अटलांटिकमध्ये.

दुसरीकडे, तटस्थ देशाच्या बंदरात युद्धनौकेला सर्वसाधारणपणे चोवीस तासांहून जास्त थांबता येत नसे. व्यापारी जहाजाला ही अडचण नको, म्हणून हे तोफची जहाजाच्या करारपत्रावर खलाशी म्हणून सही करायचे, नाममात्र पगारावर. म्हणजे नौदलाच्या कागदात जहाज लपलं, आणि जहाजाच्या कागदात नौदल लपलं. लबाडी कुणीच केली नव्हती. दोन्ही कागद आपापलं काम चोख करत होते. पण 'हा माणूस कुठे होता?' हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नव्हता.

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, त्यामुळे मला इथे कुमारिल भट्ट आठवतात. भाट्ट मीमांसक 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे कळतं. पण त्याला अट आहे: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत उजेड हवा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. याला 'योग्यानुपलब्धी' म्हणतात. त्या घरच्यांनी अंधाऱ्या खोलीत घडा शोधला आणि आजीला खोटं ठरवलं.

मग उजेड आणायचा कुठून? पहिलं म्हणजे सेवापत्रक पुन्हा नीट वाचायचं. काही वेळा ठाण्याच्या नावापुढे कंसात जहाजाचं नाव असतं. नसेल तर घरातली पत्रं, पाकिटं, फोटोंच्या मागच्या बाजू बघायच्या. जहाजाचं नाव मिळालं की त्याचा नोंदणी क्रमांक काढायचा. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९३९ ते १९४६ची करारपत्रं या क्रमांकानुसार लावलेली आहेत. जहाज कुठल्या बंदरातून कुठे गेलं, याची कार्डंही तिथेच आहेत. करारपत्रावर सही आणि कार्डावर बंदर, हे दोन जुळले की माणूस सापडला. तोफची सैन्याचा असेल, तर त्याचे कागद सैन्याच्या दप्तरात, वेगळेच.

कधी एका तोफेपाशी दोन-तीन दप्तरं एकत्र येतात. ११ नोव्हेंबर १९४२ला हिंदी महासागरात 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजावर दोन जपानी सशस्त्र जहाजांनी हल्ला केला. सोबतीला आपल्या रॉयल इंडियन नेव्हीची छोटी 'बेंगाल' होती. एक जपानी जहाज, 'होकोकु मारू', बुडालं. 'ओंदिना'चे कप्तान मारले गेले, पण जहाज वाचलं. तिच्या एकुलत्या चार इंची तोफेचा प्रमुख होता ऑस्ट्रेलियन नौदलाचा एक खलाशी, हाताखाली ब्रिटिश तोफची. जहाज डच. फक्त एका देशाचं दप्तर चाळणाऱ्याला ही तोफ अर्धीच दिसेल.

आमच्या विद्यार्थिनीला एका पाकिटावर जहाजाचं नाव मिळालं. मग करारपत्रावर आजोबांची सही, आणि कार्डावर मुर्मान्स्क. ब्रिटिश सरकारनं २०१३मध्ये 'आर्क्टिक स्टार' हे पदक सुरू केलं, आणि ते दिवंगतांच्या वारसांनाही मागता येतं. पदक घरी आलं. आजी तोवर गेली होती.

जाता जाता आपल्याबद्दल. याच ब्रिटिश व्यापारी जहाजांवर रत्नागिरीचे, गोव्याचे, सिल्हेटचे हजारो खलाशी होते. त्यांचे करार वेगळ्या कागदांवर व्हायचे. युद्धात समुद्रावर गेलेल्या सुमारे साडेसहा हजार हिंदी नौसैनिकांची आणि व्यापारी खलाशांची नावं एका स्मरणग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, एक चितगावला. जे जिवंत परतले त्यांच्यासाठी असा ग्रंथ नाही. त्यांच्याकडे असायचं खलाशाचं सीडीसीचं पुस्तक, ज्यात जहाजाचं नाव, क्रमांक, चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात.

तुमच्या गावच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, असं एखादं पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. आणि 'कागदावर काही नाही, म्हणजे आजोबा उगाच सांगायचे' असं म्हणण्याआधी एवढं विचारा: असतं, तर या कागदावर दिसलं असतं का?